डाव्या हातातली आग

४ ऑक्टोबर
डोंगरावरचा तंबू मोडला, मेंढ्या विकल्या आणि खाली नारीन शहरात लेकाच्या घरी आले. आता बसून खायचं! सूनबाई जिबेक मुखदुर्बळ, पण रीत जाणते. चहा अर्धी वाटीच ओतते. आमच्यात काठोकाठ भरला, तर पाहुण्यानं उठून निघायचं, अशी खूण. मी म्हटलं, पोरी, अर्धीच ओत हो, मी काही हलत नाही. हसली.

९ ऑक्टोबर
बोरसोकचे कणकेचे तुकडे तळताना डावा हात पेटला. कोपरापर्यंत उकळत्या तेलात बुचकळल्यासारखा. बोंब मारली. बघते तर हात कोरडा, एक फोड नाही. मग बोटं आपोआप उडायला लागली, आणि जरा वेळानं सगळं शांत. लेक तालाय म्हणाला, आई, नाटकं पुरे. म्हटलं, मेल्या, नाटक करायला तुझ्यासारखा प्रेक्षक कशाला हवा?

१४ ऑक्टोबर
दवाखान्यातली डॉक्टरीण नातीएवढी. म्हणाली, आजी, ही फिट आहे. फिटमध्ये असं दुखणं क्वचित, पण असतं. आग हातात नाही, मेंदूत आहे. गोळ्या दिल्या.
जिबेकची मावशी अनारबुबू भुतं काढते. ती म्हणाली, डॉक्टरणीला काय दिसणार, हातात जिन्न शिरलाय. तालायनं गोळ्या चुलीत फेकल्या.

१९ ऑक्टोबर
अनारबुबूनं हातावर चाबूक चालवला. मारते म्हणे जिन्नाला, कातडं सोललं माझं. तालायनं खांदे दाबून धरले. पोटचा गोळा! म्हटलं, बये, घोड्यालाही इतकं मारत नाहीत. तर पुढचा फटका तोंडावर. दात पडले.

२१ ऑक्टोबर
पुन्हा पेटला. पुन्हा चाबूक. हाड दिसतंय. जिबेक मध्ये पडली, तिचं डोकं फोडलं. माझा डावा हात खुंटीला बांधलाय.

२२ ऑक्टोबर
अनारबुबू कुऱ्हाडीला धार लावते आहे. म्हणते, आज हात जळला, तर जिन्न बोटांत उतरला. बोटं तोडायची. नाही जळला, तर सोडीन.
म्हणजे पेटला तरी कळू द्यायचं नाही.

जिबेकनं चहा आणला. काठोकाठ. सटवी, मला हाकलतेस — नाही. तिची नजर दाराकडे. वाटीखाली सुरी.

लिहिण्याचं निमित्त करून मधूनमधून वहीआड दोर कापतेय. अर्धा तुटला —

पेटला. आत्ताच — ओरडायचं नाही. ओठ चावलाय, रक्त —
बोटांनो, गप्प. गप्प राहा गं —
उडतायत —
धार लावायची थांबली. ती इकडे बघ