मानद दूतावास, डिलाईल रोड

६ मे, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. डिप्लोमसीतल्या माणसांनी रोजनिशी ठेवावी. मी लोअर परळला, सान बेनितो या देशाच्या वाणिज्य दूतावासात आहे. हितेंद्रभाई वाणिज्यदूत, मी उजवा हात. त्यांचं टाइल्सचं ऑफिसही तिथेच, पण ते साइडला. पाटीवर ‘मानद वाणिज्यदूत’ लिहिलंय. साधा नव्हे, मानद. म्हणजे खास मान असलेला.

बातमी वाईट. सान बेनितोच्या शेजारच्या देशात आमची वकिलात आहे. तिथल्या पोलिसांनी भिंत चढून, आत आसऱ्याला आलेल्या माणसाला फरफटत नेलं. दोन्ही देशांनी एकमेकांचे राजदूत हाकलले. माझं डोकंच फिरलं. वकिलातीत परवानगीशिवाय पोलीससुद्धा पाऊल टाकू शकत नाहीत, व्हिएन्नाला तसा करार झालाय. प्रिंट काढला. वाचायचा आहे.

७ मे, मंगळवार
ऑफिसात नवी पाटी आली. जुनी, पितळेची, मी घरी आणून दारावर लावली. ड्रिल रामूने मारून दिलं. रामू तीन खोल्या सोडून राहतो, माझा कॅरमचा पार्टनर. त्याला सांगितलं, आता ही परदेशी हद्द, आत यायला माझी परवानगी लागेल. बरा, म्हणाला, आणि आत जाऊन माठातलं पाणी प्यायला.

चाळीत दारं दिवसभर उघडी, हाच मोठा प्रॉब्लेम. बायकोला, सुभद्रेला, म्हटलं, दार लावून घेत जा. ती म्हणाली, दिवसाढवळ्या दार लावलं तर लोक विचारतील, घरात कोण गेलं.

८ मे, बुधवार
मोठी घडामोड. रामूची मुलगी अपेक्षा आली. परवा अक्षय्य तृतीयेला तिचा साखरपुडा, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समधल्या मुलाशी. तिला नकोय. नर्सिंग अर्धं राहिलंय आणि मुलाकडचे म्हणतात, शिक्षण पुरे. बाप ऐकत नाही. ही तृतीया टळली तर निदान नर्सिंगचं यंदाचं वर्ष पदरात पडेल, म्हणाली, आणि रडायलाच लागली.

सुभद्रा पिशवी घेऊन उठली. म्हणे, हिला आत्ताच्या आत्ता लालबागला माझ्या बहिणीकडे सोडते. मी थांबवलं. काय गरज? इथेच आश्रय. अपेक्षाला पाटी दाखवली, प्रिंट दाखवला. काका, खरंच कोणी आत नाही येऊ शकत? तिने दोनदा विचारलं. मी म्हटलं, भारत सरकारसुद्धा नाही. तेव्हा कुठे ती जेवली.

लग्नानंतर पहिल्यांदा आमचं दार दिवसा लागलं.

९ मे, गुरुवार, दुपारी
शेजारणी कडी वाजवून विचारून गेल्या, कोण गेलं? रात्री झोप नाही. उगाच उठबस.

ऑफिसात हितेंद्रभाईंना आपलं सहज विचारलं, आपल्याला प्रोटेक्शन किती? ते हसतच सुटले. म्हणाले, अरे गुणाजी, मानद म्हणजे बिनपगारी, नावापुरता. मला फुकट पार्किंग नाय मिलत, तुला कसली इम्युनिटी? तू तर माझ्या टाइल्समधला माणूस.

मोठ्या माणसांनाही स्वतःच्या अधिकारांची कल्पना नसते. हाफ डे टाकून घरी आलो. सुभद्रेला काही बोललो नाही. ती पुन्हा लालबागचं काढत होती. संध्याकाळी बघू, म्हटलं. गॅलरीत फेऱ्या मारतोय.

संध्याकाळी
रामू आला. कालपासून नातेवाईक, मैत्रिणी, मग सगळी चाळ शोधून झाली होती, बंद दार फक्त आमचं. मी दार उघडून दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिलो. त्याने बाहेरच चपला काढल्या, पण पुढे आला नाही. म्हणाला, पाटी मीच लावलंय गुणाजी, तुझ्या घरात पाय ठेवचंय नाय. पोरीक भायर पाठव.

गॅलरीत माणसं जमली. त्याने ढकललं असतं, शिवी दिली असती तर मी लढलो असतो. सगळी कलमं तयार होती. तो नुसता उभा राहिला. उद्या पाहुणे येतले रे, एवढंच म्हणाला. सुभद्रा मागून, पाठवू नका, म्हणत माझा शर्ट ओढत होती. मी चौकटीवरचे हात काढले आणि म्हणालो, अपेक्षा, बाबा आलेत बघ.

नोंद: कलम बत्तीस. इम्युनिटी सोडून द्यायचा हक्क ज्या देशाची वकिलात त्याला असतो. मी तो वापरला. हद्दीचा भंग झालेला नाही. उंबरठा कोणीही ओलांडला नाही.

१० मे, शुक्रवार
साखरपुडा झाला. सुभद्रा आली नाही. माझ्याशी बोलतही नाही.

अपेक्षा सगळ्या मोठ्यांच्या पाया पडत माझ्यापर्यंत आली. वाकल्यावाकल्या हळूच म्हणाली, काका, तुमचा शब्द खरा झाला. आत कोणीच नाय आलं. आशीर्वादाला उचललेला हात तसाच खाली घेतला. मग रामूने पेढा भरवला. गिळला.

घरी येऊन पाटी काढायला बसलो. स्क्रूड्रायव्हर रामूकडचा, मागायचा धीर झाला नाही. सुरीच्या टोकाने एकेक स्क्रू फिरवतोय. सुभद्रा बघत होती. दिवसभरात पहिल्यांदा बोलली. विचारलं, मानद म्हणजे काय हो?

नावापुरता, म्हटलं.