अक्काचा हेल

गुलबर्गा, ता. ९ फेब्रुवारी १९५३

ती. अक्काच्या पायी सोमशेखरचा नमस्कार. वि. वि.

गेलेल्या अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवून तू रडण्याचा नवा हेल काढलास, तेव्हा मी उठलो. चपला सापडेपर्यंत तुझा आवाज आणखी चढला होता. वेशीपर्यंत तो मागे आला. पाच दिवस झाले, तुझं पत्र नाही. रागावली असशील. म्हणून कारण लिहितो.

इथल्या कॉलेजात मी पोरांना नाटक शिकवतो. मेलोड्रामा हा शब्द त्यांना नीट फोडून सांगावा लागतो. मूळ अर्थ गाण्यासह नाटक, एवढाच. आता अर्थ असा, की भावना कारणापेक्षा मोठी असते आणि ती मोठी आहे हे प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा बजावलं जातं. शोकांतिकेत माणूस स्वतःच्या चुकीनं पडतो आणि पाहणारा गप्प होतो. मेलोड्रामात एक दुष्ट असतो, एक निष्पाप असते आणि सगळे रडतात, कारण रडायला सांगितलेलं असतं. प्रहसनात निदान हसून घरी जाता येतं.

अप्पांचं जाणं शोकांतिकाही नव्हती. एकाहत्तर वर्षांचा माणूस तापानं गेला. त्याला एक शांत खोली पुरली असती. त्याऐवजी आपल्या रिवाजाप्रमाणे खांबाला टेकवून बसवलेल्या अप्पांपुढे तू सूर लावलास, यमकं जुळवलीस. मल्लव्वा काकूनं पालुपद धरलं. मधे थांबून तू पाणी प्यालीस आणि त्याच सुरात पुन्हा सुरू केलंस. पाणी पिऊन रडणारी माणसं मी नाटक मंडळ्यांत पाहिली आहेत. घरात पाहवली नाहीत.

थोरल्या अण्णाला नमस्कार सांग. शेंगांची चटणी संपली आहे. कुणी इकडे येत असेल तर पाठव. लोभ आहेच, आवाज न करताही तो राहील.

तुझा,
सोमशेखर


मंठाळ, ता. १४ फेब्रुवारी १९५३

चि. सोमशेखर यास भागम्माचे आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मला कळावं म्हणून, एकदा मल्लव्वा काकूला कळावं म्हणून. काकूनं विचारलं, हे शिकायला लेकरं आपण होऊन येतात का धरून आणावी लागतात.

पाणी प्याले, कारण घसा कोरडा पडला होता. तीन दिवस अप्पांजवळ जागी होते. तू आलास तेव्हा अप्पांना अंघोळ घालून बसवण्यापर्यंत सगळं उरकलं होतं, तुला बसायला सतरंजीसुद्धा टाकून ठेवली होती.

शिकून जे विसरलास ते सांगते. आपल्या गावात मयतापुढं लेक हेल काढून जे बोलती, ते घरच्यांनी बसून ऐकलं तर खरं धरतात. बाईला दुसरा कागद न्हाई. सुरात बोलायचं ते अंगणात मागं बसलेल्यालाही शब्द न् शब्द ऐकू जावा म्हणून. चिंचेचं शेत अप्पांनी मला दिलं, हे मी सांगायला लागले आणि तू उठलास. घरचा माणूस मधेच उठला म्हणजे त्याला ते कबूल न्हाई. आता अण्णा गावभर सांगायलाय, धाकटा उठला कारण भागी खोटं बोलायली.

मागच्या दिवाळीत अप्पांनी ते शेत मला दिलं म्हणून सांगितलं, तेव्हा तिथं तू, मी आणि अण्णा तिघंच होतो. नवरा वारल्यापासून अकरा वर्षं ते मीच कसती. त्यात ज्वारी उभी हाय. ते गेलं तर उरलेला जन्म अण्णाच्या चुलीपुढं हात पसरून काढायचा. गुरुबाई वहिनीनं आतापासूनच माझं ताट सगळ्यांच्या मागून वाढायला सुरुवात केली.

सोमवारी, तेवीस तारखेला, पंच बसायलेत. ये आणि काय ऐकलंस ते सांग. माझं रडणं तुला मोठ्यानं वाटलं का खोटं वाटलं, तेही कळव. चटणी पाठवत न्हाई. येशील तेव्हा खा.

माया आटू देऊ नको.

भागम्मा


गुलबर्गा, ता. १८ फेब्रुवारी १९५३

ती. अक्कास सोमशेखरचा नमस्कार. वि. वि.

मोठ्यानं वाटलं. खोटं मुळीच नाही. मेलोड्रामा म्हणजे खोटेपणा नव्हे. हा भेद पोरांनाही जड जातो, अण्णाला कुठून कळणार. मी उठलो ती माझी अभिरुची होती, साक्ष नव्हती. गावानं तिची साक्ष केली, त्याला इलाज नाही.

तरी येतो. सकाळच्या मोटारीनं येईन आणि तीन वाक्यं बोलेन. दिवाळीत अप्पा बोलले. मी ऐकलं. शेत अक्काचं आहे. खऱ्याला याहून जास्त लागत नाही.

एक अट आहे. तू रडायचं नाहीस. काकूलाही आवर.

बाकी भेटीत.

तुझा,
सोमशेखर


मंठाळ, ता. २६ फेब्रुवारी १९५३

चि. सोमशेखर यास आशीर्वाद.

सोमवारी तू तिथं होतास, तरी काय झालं ते तुला कळलं असं वाटत न्हाई. म्हणून लिहिते.

तू तीन वाक्यं बोललास. गावचा दवंडीवाला याहून जीव लावून बोलतो. तरी पंचांनी ऐकून घेतलं. मी अट पाळली, तोंडाला पदर लावून बसले. मग पंचांतल्या गुंडप्पानं विचारलं, हे खरं होतं तर त्या दिवशी उठलास कामून. तू अभिरुची म्हणालास. कुणाला उमजलं न्हाई, तर तू शोकांतिकेपासून समजावून सांगायला लागलास. अण्णा खाली बघून हसत होता.

तरीही पंचांतले थोरले, रेवणसिद्धप्पा आजोबा, यांनी वाट काढून दिली. म्हणाले, अप्पांच्या समाधीवर हात ठेव, तेच पुन्हा बोल, वाद मिटला. पंच उठून उभेसुद्धा राहिले. तू म्हणालास, असलं नाटक मी करणार न्हाई, माझा शब्द पुरे. मी तुझ्याजवळ येऊन हळूच म्हटलं, सोमू, हात तर ठेवायचाय. तू घड्याळ बघितलंस. तेव्हा आजोबा म्हणाले, बापाच्या समाधीवर ज्याला हात ठेवता येईना, त्याचा शब्द धरता येत न्हाई. तुला मोटार गाठायची होती, निकाल ऐकायला तू थांबला न्हाईस. शेत अण्णाचं झालं.

तू लिहिलेल्या शब्दांत तुला बसवून बघितलं. शोकांतिकेत माणूस आपल्या चुकीनं आपण पडतो. चूक तुझी, पडले मी. दुष्ट म्हणावं तर तेवढी मेहनत अण्णानं घेतली, तू न्हाई. तुझ्यासारख्याला काय म्हणतात ते पोरांना विचारून ठेव. मला कळवू नको.

लोभाचं यापुढं लिहीत न्हाई.

भागम्मा

ता. क. मंगळवारी सकाळी अण्णानं चिंचेच्या शेतात बारा माणसं घालून ज्वारी काढली. त्यांच्या भाकरी मी थापल्या.