गाडी सरळ, टेबल वाकडं

बाबा, तुमची सागाची फळी मी कापली. माळ्यावर वीसेक वर्षं पडून होती. "हिचं काहीतरी चांगलं करीन" म्हणून तुम्ही ठेवलेली, आणि तुमच्यामागे तिला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही. मला झाली, आणि आता डोक्याला हात लावून बसले आहे.

झालं असं, की ह्यांनी वापीच्या एका माणसाकडून जुनी कॅराव्हॅन आणली. म्हणजे गाडीमागे ओढायची, चाकांवरची खोली. घोलवडला आमच्या वाडीत चिकूंच्या मधोमध उभी केली, पाहुणे येऊन राहतात. आत जेवायची जागा म्हणजे नुसती कटकट. दोन बाकडी, मधे एका लोखंडी खांबावर डुलणारं टेबल. माणूस बसला की गुडघा खांबावर आपटलाच. एक पाहुण्या बाई तर ताट घेऊन बाहेर झाडाखाली जाऊन बसल्या. तेव्हा ठरवलं, हे सगळं उपटायचं आणि तुमच्या फळीचं टेबल करायचं, एक बाजू भिंतीला, दुसरीला दोन पाय. मापं मी घेणार, कापणार पण मीच. तुम्ही मला जन्मभर फळीचं टोक धरायला लावलंत. "तू टोक धर, करवतीला हात लावू नकोस." दादाला करवत, मला टोक. दादा आज चिखल्याला मोबाईलचं दुकान चालवतो, ते सोडा.

झरीहून मिस्त्री बोलावला. तो दारातच म्हणाला, "ताई, गाडी भिंतीकडं कललीय. पहिले ती सरळ करा, मग टेबलाचं बघू." मी म्हटलं, "सुताराच्या पोरीला शिकवू नका." तुमची पाणसळ काढली, फळीवर ठेवली, बुडबुडा मधोमध आला तशा दोन्ही पायांवर खुणा केल्या आणि स्वतः करवत चालवली. मिस्त्री बिचारा टोक धरून उभा. टेबल असं झालं बाबा, की हात फिरवत राहावं. दुसऱ्या दिवशी गाडीचं दार लागेना म्हणून ह्यांनी जॅक लावला. गाडी सरळ झाली, टेबल वाकडं झालं. चहाचा कप ठेवला तो घसरत थेट ह्यांच्या मांडीवर. "पाणसळ बरोबर दाखवत होती," मी म्हणते, आणि हे लेंगा झटकत म्हणतात, "तू कलत्या जमिनीवर उभी आहेस, हे पाणसळीला कुठून कळणार?" इतका राग आला. ह्यांचा, मिस्त्रीचा, आणि खरं सांगू, तुमचा. लहानपणी एकदा हातात करवत देऊन ओरडला असतात, तर ही अक्कल तेव्हाच आली असती. ती एकच फळी होती, बाबा. आता दुसरी कुठून आणू?

मिस्त्रीने उरलेल्या तुकड्याच्या दोन पाचरी केल्या आणि पायांखाली ठोकल्या. ते बघताना आपलं तलासरीचं स्वयंपाकघर आठवलं. आई स्टुलावर बसून भाजी चिरतेय, स्टूल डुगडुगतंय, आणि तुम्ही खाली वाकून एका पायाखाली पाचर सारताय. आई विचारते, "परवाच केलेलं स्टूल, हलतं कसं?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "जमीन वाकडी आहे." मी दाराशी उभी आहे. तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी करवत वरच्या खुंटीवर गेली, माझा हात पोचणार नाही अशी.

काल नवे पाहुणे आले. त्यांनी पाचरींकडे बोट दाखवलं. मिस्त्री तिथेच होता, हेही होते. "जमीन वाकडी आहे," मी म्हटलं, आणि दोघंही पाहुण्यांचं सामान उचलायला वळले.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. त्या स्टुलाचा पाय मी कापला होता.