साळिंदराची रिकामी जागा

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा बसल्या जागेवरूनच नमस्कार (वाकले तर उठवायला माणूस बोलवावा लागेल). तुझा गुडघा, वहिनीचा खोकला आणि तुमचा गळका नळ यांपैकी काय काय बरं झालं ते कळव. इकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

आई गेल्यावर तू आलास आणि बोलक्या प्राण्यांच्या गोष्टींच्या पुस्तकांचं खोकं ठेवून दुसऱ्या दिवशी गेलास, तेव्हा मनातल्या मनात मी तुला बरंच बोलले होते. जेवणाला ‘हं’ आणि औषधाला ‘नको’ एवढंच बोलणारा माणूस नदीकाठच्या उंटाच्या खाणावळीची गोष्ट वाचणार? पण एका दुपारी बाबा आतल्या खोलीत एकटेच हसताना ऐकू आले. मी कात्री टाकून धावले, म्हटलं काहीतरी झालं. झालं होतं ते असं, की उंटाने गिऱ्हाइकाच्या टोपीत सूप वाढलं होतं. (मीही हसले. मग रडले. मग परत शिवायला बसले.)

तेव्हापासून मला विसावा नाही. बाबांनी घरात भूमिका वाटल्यात आणि रोज संध्याकाळी मोठ्याने वाचन चालतं. बाबा उंट. आमचे हे कासव. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून येतात आणि दोन वाक्यं बोलून तिसऱ्याला घोरू लागतात. बाबा म्हणतात, काय अभिनय आहे! मी बदक आणि पाणघोडी, दोन्ही. दिवसभर लोकांचे कपडे सैल करून जीव मेटाकुटीला आल्यावर बदकाच्या आवाजात भांडून बघ एकदा.

परवा तर धंद्यावरच आलं. शाळेच्या मुख्याध्यापिका ड्रेस कमरेत सैल करायला आल्या होत्या. मी माप घेतेय, तोच आतून बाबांची तालीम सुरू: ‘बाई, आता दारच रुंद करावं लागेल!’ बाई लालबुंद. मी घाईघाईने म्हटलं, ‘अहो, ते तुम्हाला नाही, पाणघोडीला म्हणताहेत.’ त्यानंतर त्या गेल्या आणि पाठोपाठ सगळा शिक्षकवर्ग गेला. बाबांना सांगितलं तर विचारतात, ‘पण आवाज जमला होता ना?’

खरा त्रास वेगळाच आहे. गोष्टीत एक साळिंदर आहे, उंटाने लहानपणापासून सांभाळलेलं आणि सारखं पळून जाणारं. ते काम बाबांनी कुणालाच दिलं नाही. ‘ते तुझ्या दादाचं,’ म्हणाले. साळिंदराचं वाक्य आलं की बाबा थांबतात. आम्हीही थांबतो. ते बोलून व्हावं इतका वेळ सगळे दाराकडे बघतो आणि मग पुढची ओळ. परिणामी एवढी पुस्तकं संपली तरी खाणावळीची होडी कुणी पळवली ते आम्हाला कळलेलं नाही, आणि कासव मधेच का हसतं हे कासवालाही ठाऊक नाही. शेवटी मी म्हटलं, साळिंदर मी वाचते. तर म्हणाले, ‘तुला नाही जमणार. तो घरात टिकत नाही.’ त्यानंतर दोन दिवस पुन्हा नुसतं ‘हं’. मला फार भीती वाटली, दादा.

असो. तुला कामं असतात. यायची घाई करू नकोस.

तुझी,
बदक (आणि पाणघोडी)

ता. क. ‘घाई करू नकोस’ हे रीत म्हणून लिहिलं. शेवटचा भाग बाबांनी उशाशी ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत. रविवारी ये. मुक्कामाला ये.

आणखी एक ता. क. बाबा पाय मोकळे करायला गेले तेव्हा मी तो भाग चोरून वाचला. होडी साळिंदरानेच नेली होती. शेवटच्या पानावर ते ती घेऊन परत येतं. उंट त्याला एक शब्दही विचारत नाही, नुसतं ताट वाढतो. बाबांना हे अजून माहीत नाही.