शांततेचा बंदोबस्त

परतूर, २ फेब्रुवारी १९३८
वकिलीचे इम्तिहान पुढच्या महिन्यात, औरंगाबादेस. दोनदा नापास झालो ते अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे, घरात शांतता नाही म्हणून. हे आज लक्षात आले. थोरले बंधू दादा जालन्याहून आले होते. घर त्यांच्या अडतीवर चालते, त्यामुळे त्यांना बोलायचा हक्क आहे. म्हणाले, ही शेवटची वेळ. मग माझ्या दुकानात तराजूपाशी बसायचे. ऐकून घेतले. काही वाटले नाही.

४ फेब्रुवारी
टाइमटेबल केले. लाल शाई, निळी शाई. पहाटे ताजीरात म्हणजे फौजदारी कायदा, दुपारी दिवाणी. इतके सुरेख झाल्यावर लगेच पुस्तक उघडवेना. उद्यापासून.

५ फेब्रुवारी
पहाटे ताजीरात, आणि नेमकी तेव्हाच सौ. रजनी जात्यावर बसते. वर ओव्या. उठलो तर होतो, पण वाचणार कसे? तिला समजावले की कॉन्सन्ट्रेशन मोडते. विचारांती तिने माहेरी, अंबडला जावे असे ठरले. भात मला करता येतो.

९ फेब्रुवारी
रजनी गेली. जाताना विचारले, पहाटे तुम्हाला उठवील कोण? म्हटले, निश्चय उठवील. ती हसली नाही. पास झालात की न्यायला या, म्हणाली.

११ फेब्रुवारी
शेजारच्या तुळजाबाईंचा कोंबडा. इतके दिवस जात्यापुढे ऐकू येत नव्हता. बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "अख्खी आळी उठवून राह्यला त्यो. मंग आमाला शेतावर जायला कोण उठवील?" त्यांच्या बांधाच्या तंट्याचा अर्ज फुकट लिहून द्यायचे कबूल केले. कोंबडा तीर्थपुरीला लेकीकडे रवाना. वकिलीतली पहिली फत्ते.

१५ फेब्रुवारी
आता घड्याळाची टिकटिक. लंबक धरून थांबवले.

२२ फेब्रुवारी
उठलो तेव्हा ऊन पायांवर आले होते. शरीर विश्रांती भरून काढते आहे, चांगले लक्षण. भात करपला. मग बैठक मारली. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. भिंतीकडे बघत राहिलो. ना आनंद, ना दुःख. बहुधा यालाच एकाग्रता म्हणतात. पान तेच.

१ मार्च
रजनीचा भाऊ बाजाराला आला होता. तिचा निरोप: गाडी पहाटेची आहे, आदल्या दिवशी येते, उठवून देते; वाटल्यास दळणार नाही. नको म्हणून कळवले. आयत्या वेळी शिस्त मोडायची नसते.

७ मार्च
उद्या पहाटेची गाडी धरली की दुपारच्या पेपरला बराबर पोचतो. पिशवी भरली, टाक पुसले. कडूबा टांगेवाल्याला सांगितले नाही. तो दारात येऊन बोंब मारतो, मग दिवसभर डोके ठिकाणावर येत नाही. पायीच जाईन. पास होणार, याची खात्री आहे.

८ मार्च
शिटी ऐकू आली. अगदी स्वच्छ, मधे दुसरा आवाजच नव्हता. वाटले, गाडी येते आहे. ती सुटली होती.

अंथरुणावर बसून राहिलो. तुळजाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "तुमी गेल्ते न्हाई का? आमी बी आज उशिराच उठलो."

दुपारी पेपराच्या वेळेला जात्यापाशी जाऊन बसलो. वरच्या दगडाखाली उरलेल्या पिठाला मुंग्या लागल्या आहेत. खुंटा धरून एक फेरा ओढला. रिकामे जाते फार मोठ्याने वाजते. रजनी घरात नाही, हे मला आज जाणवले. तिला आणायला आता कोणत्या तोंडाने जाऊ?

संध्याकाळी घड्याळ सुरू करायला गेलो. लावायचे तर किती वाजलेत ते माहीत हवे. राहू दिले.

उद्या दादांकडे जालन्याला. गाडी तीच, पहाटेची. कडूबाला सांगून आलो आहे की दारात येऊन ओरड.