लिलाधरने पाठवलेली बाटली

देवपूर, धुळे
ता. ९ ऑगस्ट १९९२

चि. लिलाधर यास आजीचा आशीर्वाद. इकडे जेवढी माणसं उरली तेवढी बरी आहेत.

तुझं पत्र आणि सोबतची रिकामी बाटली भटू कंडक्टरने आणून दिली. आईच्या गंधमुक्तीला, दिवसकार्याला, जळगावहून यायला तुला सवड नव्हती. आजीच्या परसाकडची बाटली मागायला बरी सवड झाली. तुझा बाप म्हणे, "माय, त्याचं शिक्षणाचं काम शे, देऊन टाक." मी म्हटलं, तूच भर मग.

चौथी शिकलेली बाई मी, पत्र तीनदा वाचलं. तुझ्या आईच्या, सुनंदाच्या रक्तात मुदतीच्या तापाचे, टायफॉइडचे जंतू होते, हे डॉक्टरनेही सांगितलं होतं. तू म्हणतोस, त्या जंतूंच्या पोटात एक जास्तीचं, सुटं कडं निघालं. ज्याच्यापाशी ते कडं, त्याला कॅपसुली लागू पडत नाहीत. आणि एक जंतू ते दुसऱ्याला देतो. शेजारणीला विरजण द्यावं तसं समजून घेतलं मी. घरच्या बाईचं रक्त नेऊन एवढं शिकलास. ती वाचली का?

पुढे लिहितोस, बऱ्या झालेल्या माणसाच्या पोटातही हे जंतू राहतात, त्याच्या हातून दुसऱ्याच्या ताटात जातात. वर विचारतोस, घरात कोणी औषध अर्धवट सोडलं होतं का. आपल्या घरात असलं काही होत नाही.

तुझी बहीण प्रमिला बरी आहे. ताक आता तीच घुसळते. मी भांड्याला हात लावत नाही.

चैत्रात मला ताप होता. डॉक्टरने चौदा दिवसांच्या कॅपसुली दिल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला, तोंडाला चव आली. उरलेल्या कॅपसुली गुळाच्या डब्यात ठेवल्या. चांगली वस्तू फेकायची कशाला? ज्येष्ठात सुनंदा तापली तेव्हा त्याच काढून दिल्या. "आत्याबाई, उतरत नाही हो," म्हणायची. मी म्हटलं, कामाचा कंटाळा आलाय तुला. नववा दिवस उजाडला तेव्हा दवाखान्यात नेली.

तुला हे कळलंच होतं. नाहीतर बठ्ठ्या घरात, साऱ्यांना सोडून, मलाच बाटली का पाठवलीस? तोंडावर विचारायची छाती नाही, आणि म्हणे शास्त्रज्ञ.

बाटली सकाळच्या गाडीने भटूजवळ दिली आहे. भरलेली. झाकण घट्ट लावलंय, वर फडकं बांधलंय. कडं निघालं तर निघालं असंच लिही. म्हातारीला बरं वाटावं म्हणून गोड लिहिलंस तर हा उंबरा चढू नकोस. आणि निघालं, तर माझ्याही गंधमुक्तीला येऊ नकोस.

तुझ्या आईची सासू,
झुंबरबाई