वाऱ्याचा बंदोबस्त

नांदेड, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या घरातून लोणचं हद्दपार झालं आहे. आरोपीला बाजू मांडायची संधीही मिळाली नाही. डॉक्टरांनी माझा रक्तदाब पाहून मीठ कमी करायला सांगितलं आणि हिनं त्याच दिवशी बरणी शेजारी देऊन टाकली. वर रोज सकाळी मला गोदावरीच्या घाटापर्यंत चालवते. दाब उतरला आहे. तिच्यासमोर बोललो नाही, पण इथे लिहितो, उपकार आहेत तिचे.

लोणचं मात्र आठवतं.

आज लातूरहून थोरल्या भावाचा, दादांचा फोन. वडिलांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून दादांनी वाऱ्याशीच वैर धरलंय. भर उन्हाळ्यात कानाला मफलर, पंखा बंद.

"दादा, रक्तदाबाची गोळी घेता ना?"

"सोडली की. लई बरं वाटून राहिलं. खिडक्या लावून घेतो ना मी, वारं येतंय कुठून?"

"ते वारं खिडकीतून येत नसतं, दादा. त्याला पक्षाघात म्हणतात. दाब वाढला की मेंदूत..."

"पंडिता, संस्कृत तुझ्या पोरांना शिकव. अन् तंबाखूचं तर बोलूच नको."

दोघंही हसलो. कानाला मफलर आणि तळहातावर तंबाखू! वाऱ्याचा बंदोबस्त चोख आहे.

वडिलांमागे मला शिकवलं ते दादांनीच. अजून मी त्यांना लहानच वाटतो. उद्या हिला घेऊन लातूरला जातो, हिचं ते ऐकतात.

खरं सांगायचं तर हसू फोन ठेवेपर्यंतच होतं. दादांनी गोळी सोडली आहे आणि ते घरात एकटे असतात. मला भीती वाटते.